पाळणाघरातून आणलेलं पोर

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगते. हा घोळ आठवून माझा नवरा म्हातारपणीसुद्धा जेवता जेवता एकटाच हसत सुटायचा.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं, कॅम्प एकमध्ये टिनाच्या खोलीत राहायचो. मला कामगारांच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं, ते निव्वळ सरकारी पाळणाघराच्या जिवावर. कामावरच्या बायांची लेकरं तिथं फुकट सांभाळायचे, वर दूधही पाजायचे. नाहीतर तान्ह्या गजाननला काखेत घेऊन कोण मला कामावर ठेवणार होतं? सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातभरावरचं माणूस ओळखू यायचं नाही.

पण त्यांना पाळणाघर मुळीच पसंत नव्हतं. "परक्याच्या झोळीत पोट्टं कावून टाकून राहिली वो? रिकामी झोळी हालली का त्यात भलतंच येऊन निजते. काही उलटंसुलटं झालं तं त्याच दिवशी काम सोडाचं!"

मी मान डोलवायची. काम मला हवं होतं हो, जीव तोडून हवं होतं.

वैशाखातली दुपार. अचानक आंधी उठली. लाल धुळीनं सूर्य गिळला, काम थांबलं, सगळ्यांना सुट्टी. मी पदर तोंडाला बांधून पाळणाघराकडे धावले.

आत चिटपाखरू नाही. आया नाही, लेकरं नाहीत, रडण्याचा आवाजसुद्धा नाही. लोखंडी पाइपाला टांगलेल्या सगळ्या झोळ्या रिकाम्या. आणि त्या हलत होत्या! एका लयीत, सगळ्या एकदम पुढे, सगळ्या एकदम मागे. शिवाय कुठूनतरी बाईचं गुणगुणणं. कुठून? भिंतीतून?

तेवढ्यात कोपऱ्यातल्या झोळीत गाठोडं दिसलं. सरकारी चौकड्याचं झबलं, गजाननचंच! उचललं, पदरात गुंडाळलं आणि अशी पळाले की चप्पल तिथंच राहिली.

घरी येऊन पदर सोडला. पोर माझ्याकडे बघेना. माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होतं. पापणी न हलवता. आणि हळूच हसलं.

"आई, हा... हा गजाननसारखा दिसत नाही हो."

सासूबाईंनी हात फिरवला. डोकं चाचपलं, कान चाचपले, मग लंगोट. हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"माय वो! ही तं पोट्टी हाय!"

आता तुम्ही सांगा, शहाण्या बाईनं काय समजावं? की झबली सगळ्या लेकरांना सारखीच सरकारी, घाईत दुसऱ्याचं लेकरू उचललं. आम्ही काय समजलो? की झोळीतल्या कशानं तरी आमच्या गजाननची पोरगी केली! मी हंबरडा फोडला. शेजारणी जमल्या, पोरीला बघून दारातूनच मागे सरल्या. कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या, कोणी म्हणालं, तिच्या डोळ्यांत बघू नका. पोरगी मजेत मूठ चोखत होती.

"सांगतलं होतं ना तुले! संपलं तुह्यं काम!" सासूबाई म्हणाल्या.

आणि बाहेर आवाज आला. सर्र... थांबला. पुन्हा सर्र... धुळीतून काहीतरी जमिनीवर घासत आमच्याच दाराकडे येत होतं. सगळ्या बाया एकमेकींना चिकटल्या. मी डोळे मिटून त्या पोरीलाच छातीशी घट्ट धरलं.

"मोर नोनी!" म्हणजे 'माझी पोर' असं ओरडत बांधकामावरची एक छत्तीसगढी रेजा, मजूर बाई, आत घुसली आणि तिनं पोरगी माझ्या हातातून हिसकावून घेतली. मागून पाळणाघराची आया, गोंदियाची गयाबाई. तिच्या कडेवर गजानन, ठणठणीत. आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली लांबलचक दोरी मागे फरफटत येत होती!

"काय करून राहिली वो तू?" गयाबाई धापा टाकत ओरडली. "धूळ आत याले लागली म्हनून लेकरं मांगच्या पक्क्या खोलीत नेली. येवढी एकच निजली होती, तिले आनाले येतच होती मी!"

"आणि त्या झोळ्या कोण हलवत होतं?"

"मीच! साऱ्या झोळ्या ह्याच दोरीले बांधल्या हायेत. तिकडं गुणगुणत दूध पाजत होती अन् सवयीनं पाय हालत होता. तुह्यी चप्पल दिसली अन् दोरी तोडून तशीच पळाली!"

शेजारणी पदरात तोंड लपवून निघून गेल्या. मी गजाननला घेतलं, पोटभर रडले आणि सासूबाईंसमोर उभी राहिले. काम गेलंच, असं धरून चालले होते.

सासूबाईंनी गजाननला नीट चाचपलं. लंगोटासकट. मग म्हणाल्या, "पाळनाघर चांगलं हाय. लेकरं मोजून ठेवतेत, मांगं धावत येतेत. काम नोको सोडू. सकाळी पोट्ट्याले सोडाले तू जाजो."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले.

"पन आनाले मी जात जाईन," त्या म्हणाल्या. "मले दिसत नाही, पन पोट्टा का पोट्टी थे तं समजते!"