बसायला बाक

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ते मला एकदाच भेटले. सातपूरच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. आम्हा नवराबायकोसारखेच तेही जोडीनं युरोपच्या सहलीची चौकशी करायला आले होते. शेजारी त्यांच्या पत्नी मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत बसल्या होत्या.

टेबलामागची मुलगी पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड असं भराभरा सांगत होती. प्रत्येक ठिकाणाला काकांचा एकच प्रश्न, "तिथं बसायला बाक आहे का?"

"गुडघे दुखतात का काका?" मुलीनं विचारलं.

"छे! लग्न झाल्यापासून हिला नुसतं बसलेलं मी पाहिलेलं नाही. तेवढंच बघायला चाललोय. दोन देश कमी करा, पण बसू द्या."

आम्ही सात देशांवर अडून बसलो होतो. असलं काही आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बसून करू काय मी?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

काकांनी ती पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि गवार मोडायला सुरुवात केली.

"काहीच नाही. आत्तापासून सवय कर."

काकूंना हात कुठं ठेवावेत तेच कळेना.