दीड मिलिमीटरची लाज

खुबेकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. गाळ्यात कुणी आलं की दारापासून टेबलापर्यंतची त्याची सात-आठ पावलं ते बघून घेत आणि पुन्हा कानशीकडे वळत. त्यामुळे त्यांना नावं आठवत नसत, चाली आठवत. पोस्टमन म्हणजे ‘तो डावीकडे झुकतो तो’. मालक म्हणजे ‘टाचा घासतो तो’. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझी पावलं बघून म्हणाले, “सांधे बरे आहेत. पण परवानगी मागत चालतेस.” लेथवरचा जाधव खाली मान घालून हसला. मी नुसतं “हो” म्हणाले.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर तो गाळा होता. तिथं स्टेनलेस स्टीलचे कृत्रिम खुबे तयार होत. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेत जिथं फिरतं तो सांधा. तो निकामी झाला की डॉक्टर हाडाचं वरचं टोक काढून टाकतात आणि तिथं आमचा तुकडा ठोकून बसवतात. वर गुळगुळीत गोळा आणि खाली हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा. बरेचसे तुकडे ठरावीक मापांचे असत. पण लहानपणच्या दुखण्यानं ज्यांचं हाड बारीक किंवा वाकडं राहिलेलं असे, त्यांच्यासाठी एक्स-रेवरून मापाचा खुबा करावा लागे. ते काम फक्त काकांचं. म्हणून ते खुबेकाका.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत ट्रेनिंगला म्हणून गेले आणि पुढे शनिवारी आणि तास नसतील त्या दिवशी जात राहिले. एक्स-रेवर ट्रेसिंग पेपर ठेवून हाड उतरवायचं, मापं काढायची आणि दांड्याचं ड्रॉइंग करायचं हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भांडुपच्या चाळीत सगळे मला ‘इंजिनीअर’ म्हणत ते कौतुकानं. खुबेकाकाही तेच म्हणत, पण शिवी दिल्यासारखं.

त्यांच्या तोंडात एक ‘हॅट्’ असे. जगातल्या बहुतेक गोष्टींना तो एक शब्द पुरत असे. मालकांनी परदेशी कंपनीचा कॅटलॉग आणला, त्यात खुबे लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत होते. काका दोन पानं उलटून म्हणाले, “हॅट्. हाड म्हणजे बनियन आहे काय?” मग मालकांनी स्वतःचं माहितीपत्रक छापलं. ‘आपल्या मापाचा खुबा’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली हिरवळीवर गोल्फ खेळणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो. काकांनी तो बराच वेळ निरखला. “हा उकिडवा बसतो का विचारा,” म्हणाले, आणि त्या पत्रकाच्या गठ्ठ्यातली चार पत्रकं कानशी पुसायला घेतली.

डॉक्टरांबद्दलही त्यांचं मत फार वर नव्हतं. “हे भोक पाडणार आणि मग आपल्याला सांगणार, दांडा सैल झाला.” आमच्या कॉलेजबद्दल तर विचारूच नका. मी एकदा दांड्यावर येणाऱ्या भाराचं दोन पानी गणित करून नेलं. त्यांनी ते सरळ धरलं, उलटं धरलं आणि विचारलं, “या गणितातली बाई जेवायला कशावर बसते?”

असे प्रश्न त्यांचे नेहमीचे होते. ड्रॉइंग पुढे ठेवलं की ते आधी विचारत, “हाड कुणाचं?” केस नंबर सांगितला तर कागद परत. हाडाला नाव, गाव, धंदा आणि बसायची रीत असल्याशिवाय ते कानस उचलत नसत. त्यासाठी ते पेशंटच्या घरी जात. तिथं कुणाशी धड बोलत नसत. नुसतं चालायला लावत, उठायला लावत, न्हाणीघराचा उंबरा वितीनं मोजत, आणि चहा न घेता निघत. मालक या फेऱ्यांना ‘काकांची देवदर्शनं’ म्हणत. पंख्यांचा मोठा कारखाना सोडून ते या कामात का आले, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. “पंखे सगळे सारखे,” म्हणाले. “कंटाळा आला.”

मार्थाबाय ही मी केलेली पहिली स्वतंत्र केस. अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातल्या त्या, पन्नाशीच्या. दिराच्या जमिनीच्या तुकड्यावर भाजी लावायच्या आणि स्टेशनजवळच्या बाजारात गोणपाटावर बसून विकायच्या. लहानपणी खुब्याला काही झालं ते तसंच राहिलं होतं. पाय आखूड, हाड बारीक. काकांबरोबर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काका म्हणाले, “चाला.” त्या दारापासून चुलीपर्यंत चालल्या. प्रत्येक पावलाला अख्खं अंग खाली जायचं आणि भिंतीला हात लागायचा. भिंतीवर त्या हाताचा एक काळपट पट्टाच उमटला होता.

“डॉक्टर बोलले, आता खाली बसायचं नाय, खुर्चीवर बसायचं,” मार्थाबाय म्हणाल्या.

“बाजारात खुर्ची टाकणार?” काका म्हणाले. “गिऱ्हाईक काय मान वर करून भेंडी निवडणार?”

“तेच मी पण बोलली ना त्यांना. ते हसले.”

“हॅट्,” काका म्हणाले. मग त्यांनी मार्थाबायना एका डब्यावर बसवलं, खाली वीट घातली, वीट काढली, फळी घातली, आणि ती उंची भिंतीवर पेन्सिलीनं लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात स्टीलच्या सळ्या येतात त्या खोक्याच्या फळ्यांचं एक बुटकं स्टूल त्यांनी केलं. बाजारातली फरशी उतरती आहे हे ते जाऊन बघून आले होते, म्हणून त्याचा एक पाय थोडा तासलेला होता.

मापाचा एक्स-रे काढायला मला एकटीला पाठवलं. बाईमाणूस आहे, तू जा, म्हणाले. एक्स-रे म्हणजे सावली. सावली खऱ्या वस्तूपेक्षा मोठी पडते. किती मोठी पडली ते कळावं म्हणून काका वीस मिलिमीटरची एक पोलादी गोळी मांडीला चिकटवायला देत. गोळी फोटोत किती मोठी दिसते त्यावरून हाडाचं खरं माप निघे. “हाडाच्या उंचीला चिकटवायची,” एवढंच त्यांनी सांगितलं. मी “का?” असं विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, “इंजिनीअर आहेस ना?” मी तोंड मिटलं.

तिथं एक्स-रे काढणारा माणूस घाईत होता. मार्थाबाय टेबलावर आडव्या झाल्या होत्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांचं लुगडं वर करून मांडीला हात लावायचा या कल्पनेनंच माझे कान तापले. त्या माणसासमोर मला ते होईना. मी गोळी त्यांच्या मांडीशेजारी टेबलावर ठेवली. हाडापासून चार बोटं खाली, पण फोटोत येणार तर होती. काम झालं असं मी स्वतःला सांगितलं.

फोटोत गोळी एकवीस मिलिमीटर आली. मी त्यावरून माप काढलं, ड्रॉइंग केलं. काकांनी हाड कुणाचं ते विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. दहा दिवस कानस चालली. दांडा असा झाला की बोट फिरवलं तर कुठं थांबावं कळू नये. पॉलिश होऊन तो कापसात बसला, खोक्यावर चिठ्ठी लागली. ऑपरेशन शुक्रवारी. त्यानंतर मोठे डॉक्टर महिनाभर परदेशात जाणार होते.

सोमवारी दुसऱ्या एका पेशंटचा एक्स-रे आला. त्याची गोळी काकांनी स्वतः चिकटवली होती. मी मोजली तर चोवीस. पुन्हा मोजली. चोवीसच. तेव्हा मला उमगलं. फिल्म टेबलाच्या खाली असते. गोळी टेबलावर, म्हणजे फिल्मच्या जवळ, म्हणून तिची सावली थोडीच वाढली. हाड वर होतं, त्याची जास्त वाढली होती. मी हाड होतं त्यापेक्षा मोठं समजले होते. हिशेब करून पाहिला. दांडा जवळजवळ दीड मिलिमीटर जाड झाला होता. आणि बारीक हाडात जाड दांडा ठोकला की काय होतं ते काकांनी मला पहिल्याच आठवड्यात ओला बांबू आणि पाचर घेऊन दाखवलं होतं. बांबू उभा चिरला होता.

तो दिवस मी गप्प राहिले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण राहिले. मंगळवारी काका डबा उघडून बसले होते तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं.

काका घास चावत राहिले. “टेबलावर का ठेवलीस?”

“लाज वाटली.”

“कुणाची?”

मी सोमवारचा एक्स-रे त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

“ती बाई चाळीस वर्षं भर बाजारात लंगडतेय,” काका म्हणाले. “ती लाजली नाही. तू लाजलीस. शिकून माणूस नाजूक होतो ते असं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धी पोळी आत तशीच होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “उंचीचं कारण मी सांगायला पाहिजे होतं.” एवढंच. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो तेव्हा मालक खोक्यावरची चिठ्ठी वाचत होते. दुपारी हॉस्पिटलचा माणूस ते न्यायला यायचा होता. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. “काका, दीड मिलिमीटर म्हणजे काय हो. डॉक्टर आतून थोडं जास्त खरवडतील. आपण कळवायचं पण नाही, उगाच नाव खराब.”

“खरवडायला हाड पाहिजे ना आत,” काका म्हणाले.

“मग काय आता डॉक्टरांना थांबा म्हणू? पुन्हा बोलावतील का आपल्याला?”

काकांनी खोकं उचललं, बाहेर येऊन दांडा कापसातून काढला, टेबलावरच्या व्हाईसच्या जबड्यात आवळला आणि हॅक्सॉची करवत लावली. स्टेनलेस कापायला वेळ लागतो. मालक ओरडत होते तेवढा सगळा वेळ काका कापत होते. मध्ये पातं मोडलं, तर त्यांनी जाधवपुढे हात केला, जाधवनं मालकांकडे बघितलं आणि दुसरं पातं दिलं. मालक नोकरीचं बोलले, पोलिसांचं बोलले, काकांच्या वयाचं बोलले. शेवटी दांड्याचा तुकडा फरशीवर पडला. “आता पाठवा,” काका म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी मार्थाबायना सांगायला अंधेरीला गेले. बुधवारी सकाळी पुन्हा एक्स-रे. या वेळी त्या माणसाला मी दाराबाहेर जायला सांगितलं. माझा आवाज चिरका आला, पण तो गेला. मार्थाबायच्या मांडीवर हात ठेवून हाडाचा उंचवटा शोधला आणि गोळी चिकटवली. “गार हाय गं,” त्या म्हणाल्या. फोटोत गोळी चोवीस आली.

बुधवार, बुधवारची रात्र आणि गुरुवार काका आणि जाधव दोघंच, बाकी सगळं बाजूला ठेवून, नव्या दांड्यावर होते. मालक केबिनमधून बाहेर आले नाहीत, पण नवी सळी घेऊ नका असंही म्हणाले नाहीत, कारण शुक्रवार त्यांनाही हवाच होता. गुरुवारी पाच वाजता खोकं गेलं. काकांनी आपल्या कानशी तारेच्या ब्रशनं साफ केल्या, एकेक कापडात गुंडाळली आणि पिशवीत भरली. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. कुणी थांबाही म्हटलं नाही. दारातून जाताना ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता काही चांगलं बोलतील.

“चाल अजून तशीच आहे,” ते म्हणाले. “परवानगी मागणारी.” आणि गेले. नाहूरला राहत होते एवढंच मला माहीत होतं.

मालकांनी ते कापलेले दोन तुकडे वाया घालवले नाहीत. चिकटवून, वर पॉलिश मारून, ते पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवले. खाली पाटी होती, ‘आपल्या मापाचा खुबा’. सांध्याची बारीक रेघ दिसायची, पण येणारे डॉक्टर ती बघत नसत. काका सोडून गेल्यावर मापाचे खुबे म्हणजे ठरावीक मापाचाच तुकडा थोडा घासून पाठवायचा असं सुरू झालं. तिसरा असा तुकडा मला ड्रॉइंगसकट सही करायला दिला तेव्हा मी नाही म्हणाले आणि तिथं जाणं बंद केलं. बरेच दिवस घरी सांगितलं नाही.

दोनएक वर्षांनी अंधेरीच्या बाजारात गेले होते. गर्दीत मला आधी स्टूल दिसलं. खोक्याच्या फळ्यांचं, एक पाय तासलेला. त्यावर मार्थाबाय बसल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी थांबून राहिले. एका गिऱ्हाइकानं मागची जुडी मागितली तेव्हा त्या उठल्या. हात कुठंही टेकला नाही. चार पावलं गेल्या, चार परत आल्या. अंग किंचित झुकलं, पण पडलं नाही.

मी पुढे झाले आणि उगाच पालक मागितला. मग विचारलं, “खुबेकाका येतात का कधी?”

“तो खडूस?” त्या म्हणाल्या. “एकदा आलता. बोलला काय नाय. चाला बोलला. मी चालली. तर बोलतो, ‘हॅट्, भिंतीला हात लावायची सवय अजून गेली नाय.’ आन् घरच्या त्या भिंतीला, जिथं माझा हात लागायचा ना, तिथं चुना मारून गेला. सोताच्या हातानं. चहा पण नाय घेतला.” पालक बांधता बांधता त्यांनी मला नीट बघितलं. “तू कोण गं?”

“गोळी लावायला आले होते ती.”

“दोनदा आलेली ती?”

“हो,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदा नीट लावली.”