ऑक्टोबरातली लावणी

बर्नडेटला उत्तनात लहानथोर सगळे बाय म्हणतात आणि शक्यतो तिच्या तोंडी लागत नाहीत. साठी उलटली तरी लुगडं पोटरीपर्यंत खोचून ती बांधावरून अशी सुटते, की मागच्या पोरांना धाप लागावी. सकाळी शेतातली भेंडी, दोडकी टोपलीत भरायची, बस पकडायची आणि मीरा रोडच्या बाजारात पथारी टाकायची. तिथल्या बिल्डिंगवाल्या बायकांशी चालणारं तिचं हिंदी एकदा ऐकावंच. "भाभी, दोडके को चिमटा मत निकालो. तुमको कोई निकालेगा तो चलेगा?" बाई हसते, दोडकं घेते, वर कोथिंबीर फुकट मागते. कोथिंबीर मिळत नाही.

भाजी हा तिचा धंदा, पण जीव भातात. दोन चारमजली बिल्डिंगांच्या बेचक्यात तिचा तुकडा आहे. गॅलरीतून कुणी पाणी ओतलं तर थेट लोंब्यांवर पडेल, इतक्या जवळ. आजूबाजूची शेतं एकेक करून गेली, आणि वस्तीत उभं भात म्हणून बघायला राहिला तो हा एवढाच चौकोन.

यंदा त्या चौकोनाला भाव आला होता, कारण आगेरा. आगेरा म्हणजे उत्तनच्या ख्रिस्ती लोकांचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बँड वाजवत सगळा गाव शेतात उतरतो, फादर उभ्या पिकाला आशीर्वाद देतात, मग पहिल्या लोंब्या कापून वाजतगाजत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायच्या. मिसा, म्हणजे तिथली प्रार्थना, झाली की प्रत्येक घराला एकेक लोंबी. घरी नव्या तांदळाची खीर.

सणाच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये गेविन म्हणाला होता, "आता शेतं कुठं राहिलीत? वसईवरनं चार भारे मागवू, देवळाच्या दारातच आशीर्वाद घेऊ. चिखलपण नको, चालणंपण नको." गेविन बँकेत आहे, बूट चकचकीत ठेवतो.

बर्नडेट उठली. "वसईचा भात वसईकरांनी कापावा. माजा तुकडा उभा हाय. आगेरा तितनंच निंगल."

"बाय, या वर्षी निघेल. पुढच्या वर्षी परत तोच प्रश्न."

"पुडच्या वर्षाचं पुडं बगू. आदी यंदाचा बग, मंग बोल."

तेव्हापासून ती भाताला डोळ्यांत तेल घालून जपत होती. चिमण्या आल्या की पत्र्याचा डबा बडवायची. नवरा मायकेल बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. त्याला तिने सरावाला घरात बसू दिलं नाही, बांधावर बसवलं. चिमण्या दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी ऐकायला बसल्या.

आणि मग शुक्रवारी ती बाजाराला गेली.

दुपारी बसमधून उतरून येते तर दोन बिल्डिंगांच्या मध्ये मोकळं आभाळ. तुकडा सफाचट. कडेला निळ्या ताडपत्रीखाली भाताची उडवी, तीही जाळं बांधतात तशी दोरीने करकचून आवळलेली. शेजारी तिचा जावई जेसन, मासेमारीच्या बोटीचा मालक, आणि त्याचे चार खलाशी. विजयी मुद्रेने चहा पितायत.

"ममा, टेन्शन नाय घ्यायचं," जेसन म्हणाला. "मोबाईलवर वादळाचा इशारा आला. तू बाजारात. म्हटलं, आपण काय करतो? वारा फिरला की पहिलं सगळं बोटीत ओढतो. सगळं ओढलं. एक काडी नाय सोडली."

बर्नडेटने टोपली खाली ठेवली. आभाळाकडे बघितलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख.

"एक काडी न्हाय सोडली?"

"एक नाय!"

"आनी रविवारी फादर काय कापनार रं? तुजं डोसकं?"

जेसनने चहा खाली ठेवला. त्याची बायको फ्लेव्हिया धावत आली. तिने एकदा शेत बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि कपाळावर क्रूस काढला. मायकेल म्हणाला, "ताडपत्रीतनं भारा काढू, तोच देऊ."

"मंग वसईचा काय वाईट होता? कापलेला भात गेविनलापन मिळतोय. उभा पायजे, उभा!"

रात्रभर ती तळमळली. सकाळी टोपली न घेताच बसमध्ये चढली आणि राई गावाला उतरली. राईला आत्माराम राहतो. मीरा रोडच्या बाजारात तो तिच्या शेजारी बसतो आणि वीस वर्षं दोघं पथारीच्या वितभर जागेवरून भांडतात. त्याचं भात अजून उभं होतं.

सगळं ऐकून आत्माराम आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "बाय, मी देल्लं असतं. पन आमच्या घरात देवीला नवं दावल्याबिगर शेताला इळा लागत न्हाय. मंगलवारी दावनार. तवर न्हाय."

"मंगलवारी माजा सन शिळा व्हईल."

"मंग मी काय करू?"

दोघंही बांधावर बसून राहिली. बर्नडेट समोरच्या पिकाकडे बघत होती. खाडीकडच्या जमिनीतला चिखल अजून मऊ होता. तिने वाकून एका ठोंबाच्या बुडाशी बोटं घातली.

"आत्माराम, इळा लावायचा न्हाय ना?"

"न्हाय."

"मुळासकट उपटला तर?"

आत्मारामने डोकं खाजवलं. देवीच्या बाजूने विचार केला, मग बर्नडेटच्या बाजूने. "इळा न्हाय लागला म्हंजे न्हाय लागला. तुज्या शेतात जाऊन तू काय लावतेस, ते तुजा देव बगंल."

दुपारी जेसनचा टेम्पो राईहून उत्तनला आला तो मासळीच्या क्रेटांमध्ये उभं भात घेऊन. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मग तुकड्यात पाणी सोडलं, आणि जन्मभर समुद्रात राहिलेले चार खलाशी गुडघाभर चिखलात पिकलेल्या भाताची लावणी करू लागले.

"सरळ लाव रं! तो काय बोटीचा नांगर हाय का, फेकतोस तो?" बर्नडेट बांधावरून ओरडत होती. गॅलरीत माणसं जमली. एक बाई वरून म्हणाली, "आंटी, ये तो पका हुआ है ना? अभी लगाते हैं?"

"इस साल नया फॅशन है," बर्नडेट म्हणाली.

रविवारी बँड आला, मायकेल पुढे ट्रम्पेट फुंकत. गाव उतरला. आत्माराम धुतलेला शर्ट घालून बांधावर उभा, आपलं भात परक्या गावात कसं दिसतंय ते बघत. फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं आणि कोयता बर्नडेटच्या हातात दिला. तिने लोंब्या मुठीत धरल्या, कोयता लावला, ओढला.

अख्खा ठोंब मुळांसकट वर आला. चिखलाचा गोळा सुटला तो फादरांच्या पांढऱ्या झग्यावर.

बँड थांबला. गेविन पुढे झाला, वाकून मुळं बघितली. "बाय, हे काय?"

बर्नडेटने ठोंब पदराआड घेतला. पण फादर समोर, वर पवित्र पाणी शिंपडलेलं. "खोटं न्हाय बोलनार. माजा भात जावयानं कापला. ह्यो राईचा हाय, आत्मारामचा. काल दुपारी लावला."

"मग वसईचा भारा चालला नसता?"

"तुज्या वसईच्या भाऱ्यासाटी कोन चिखलात उतरला असता रं? तू?"

सगळ्यांनी गेविनच्या बुटांकडे बघितलं. पहिली हसली ती फ्लेव्हिया. मग खलाशी, मग फादर, इतके की त्यांना चष्मा काढावा लागला. हसणं ओसरल्यावर ते झगा सावरून स्वतः चिखलात उतरले आणि दुसऱ्या ठोंबाचं बूड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. "काप आता. हळू."

या वेळी लोंब्या नीट हातात आल्या. मायकेलने ट्रम्पेट ओठांना लावला. मिरवणूक देवळाकडे वळली. आत्मारामच्या हातातही कुणीतरी एक पेंढी दिली होती आणि तो ती नव्या नवरीसारखी जपून नेत होता.

वाटेत गेविन बर्नडेटच्या शेजारी आला. फादरांमागोमाग चिखलात उतरलेल्या त्याच्या बुटांचा रंग आता ओळखू येत नव्हता.

"बाय, पुढच्या वर्षी पण इथूनच करू. पण भात खरोखर उभं राहील ना?"

"राहील की," बर्नडेट म्हणाली. "फकस्त तो आठवडा जेसनला खोल समुद्रात धाड."