पासवर्ड तुमीच टाका

शनिवार, जूनचा शेवटचा आठवडा, शाळा सुटल्यावर. ठिकाण : शाळेचा संगणक कक्ष. हजर : मुख्याध्यापिका कामत मॅडम, पर्यवेक्षक शिंदे सर, आणि मी, संगणक शिक्षिका साळवी. विषय : विद्यार्थ्यांनी शाळेचे संगणक आणि इंटरनेट कसे वापरावेत, याची नवी नियमावली. गैरहजर : रुचिता. तिला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, ती शाळा सोडून केव्हाच गेली. तरीही बैठकीतला अर्धा वेळ तिच्याबद्दलच बोलणं झालं.

बैठकीचा वृत्तांत मी त्याच दिवशी लिहून दिला. माझी कामं अडत नाहीत. त्या वृत्तांतात जे आलं नाही, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, स्टाफरूममधल्या जवळच्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आधी माझा संताप सांगू द्या. तो आवरत नाही.

नियमावलीत काय आहे? गेम खेळायचे नाहीत. परवानगीशिवाय काही डाउनलोड करायचं नाही. दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये शिरायचं नाही, दुसऱ्याचा पासवर्ड वापरायचा नाही. खाली मुलाची सही, पालकांची सही. सगळं बरोबर आहे. पण शिक्षकाची सही कुठे आहे? त्या दोन पानांत शिक्षक हा शब्द फक्त एकदा येतो — ‘शिक्षकांच्या सूचनांचे पालन करावे’. झालं. आमच्यासाठी एवढंच. मी विचारलं, आपल्यासाठी काही नियम नकोत का? शिंदे सर हसले. “आपल्याला कशाला हो? आपण काय इथे गेम खेळतो?” कामत मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “मुलांवरच लक्ष ठेवायला हवं. मागे त्या मुलीने नव्हता का साळवी मॅडमचा पासवर्ड चोरला? तसं पुन्हा नको.”

चोरला!

आणि शिंदे सरांनी मान डोलावली. त्यांनी! बैठक संपवून आम्ही बाहेर आलो तर कक्षाच्या दाराशी दहावीतली दोन मुलं उभी. कशाला थांबलात, विचारलं. “शिंदे सरांचे मार्क भरायचे आहेत, मॅडम.”

बाहेरच्या माणसाला ही पद्धत माहीत नसेल, म्हणून सांगते. शाळेत आता सगळं ऑनलाइन भरावं लागतं — मार्क, हजेरी, मुलांचे आधार, जातीचे तपशील, पोषण आहार. शिकवायचं कधी आणि भरायचं कधी? मग प्रत्येक शिक्षक एक हुशार, भरवशाचं मूल हेरतो, त्याला आपल्या लॉगिनवर बसवतो आणि आपण वह्या तपासतो. सगळ्यांना माहीत असतं. कुणी बोलत नाही. त्या मुलांना तर तो मान वाटतो. माझ्याकडे रुचिता होती, नववीतली. इतकी झटपट आणि बिनचूक की बाकीचे शिक्षक मागून न्यायचे. “साळवी मॅडम, तुमची रुचिता जरा द्या ना,” असं शिंदे सरच म्हणायचे — जणू स्टेपलर मागतायत.

पासवर्ड मी तिला तोंडी सांगितला होता. लिहून ठेवायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. तिने लिहिला नाही. कुणाला सांगितलाही नाही.

रुचिता घणसोली गावातली. वडील उरणच्या बाजूला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे, काका खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला जायचा. त्या काकासाठी तिने शाळेच्या संगणकावर एक पान तयार केलं होतं — रोजची भरती-ओहोटी, आणि कुठल्या वेळी खाडीत उतरू नये याचा लाल इशारा. आंतरशालेय स्पर्धेसाठी तो प्रकल्प मीच निवडला होता. घराच्या गच्चीवरून तिला महाप्याच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसायच्या. “तिकरं एशी असतंय ना मॅडम, दिवसभर?” असं विचारायची. मी म्हणायचे, असतो एसी, पण आधी ‘तिकडं’ म्हणायला शीक. मग आम्ही दोघी हसायचो.

आता ते दिवस. जुलै होता, रोज अतिवृष्टीचा इशारा. शाळेला सुट्टीचा आदेश यायचा तो रात्री उशिरा. पालकांना मेसेज पाठवण्याचं काम माझं. मी कामं आधी उरकून ठेवणारी बाई. म्हणून युक्ती काढली : दुपारीच ‘आज शाळा बंद’ असा मेसेज लिहून त्याला पहाटेची वेळ लावून ठेवायची. आदेश आला तर मेसेज आपोआप जाईल. नाही आला तर झोपण्याआधी काढून टाकायचा. दुपारी लावायचा, रात्री काढायचा. मला या युक्तीचा अभिमानही होता.

त्या दिवशीही दुपारी लावला. त्यानंतर रुचिता माझ्याच संगणकावर, माझ्याच लॉगिनवर चाचणीचे मार्क भरत बसली. संध्याकाळी इशारा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. शाळा सुरू होती, आणि नेमका त्याच दिवशी शिक्षण विभागाचे अधिकारी संगणक कक्ष पाहायला येणार होते. आठवडाभर आम्ही वायरी बांधत होतो, फलक रंगवत होतो. अधिकारी आले. कक्ष चकाचक. आणि मुलं? मूठभर. पहाटे सगळ्या पालकांना मेसेज गेला होता — आज शाळा बंद.

कामत मॅडमच्या केबिनमध्ये मला बोलावलं. मेसेज माझ्या लॉगिनवरून गेला होता. तो रात्री मी काढलाय, अशी माझी खात्री होती. कामं विसरणाऱ्यांतली मी नाही — हे मी तेव्हा मनात म्हटलं, तसंच आजही लिहून गेले. बघा. कक्षातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात माझ्या जागेवर रुचिता दिसत होती. कामत मॅडमनी विचारलं, “ही मुलगी तुमच्या लॉगिनवर काय करते आहे? तुम्ही दिलात का हिला पासवर्ड?”

हो म्हणायचं होतं. एवढंच. हो, दिला, आम्ही सगळेच देतो. शिंदे सर शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. भिंतीवरच्या नियमांच्या फलकावर माझं नाव होतं. नियम मीच लिहिले होते.

“नाही,” मी म्हणाले. “मी दिलेला नाही.”

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, घाबरली असेल. आयत्या वेळी सुटलं असेल तोंडातून. नाही. पुढचं ऐका.

“चौकशी तुम्हीच करा, तुम्हाला कळतं त्यातलं,” कामत मॅडम म्हणाल्या. म्हणजे चोर शोधायचं काम माझ्याकडे. त्या दुपारी मी एकटी कक्षात बसले, मेसेजचं खातं उघडलं, आणि एका मिनिटात सगळं समोर आलं. वेळ लावून ठेवलेला मेसेज. लावला होता दुपारच्या सुट्टीच्या आधी, म्हणजे रुचिता खुर्चीवर बसण्यापूर्वी. शेवटी ‘कृपया नोंद घ्यावी, सहकार्याबद्दल आभार’ — हे शेपूट माझं, दर मेसेजला असतं. तो मी काढलाच नव्हता. रात्री घरी पाहुणे होते, स्वयंपाक होता, राहून गेलं. इतकं साधं. विसरलं होतं एक काम.

मी काय केलं? ती नोंद पुसली. हो, पुसली. काम झालं की मी जशी साफसफाई करते, तशी केली. आणि केबिनमध्ये जाऊन सांगितलं, ठोस काही सापडत नाही, पण माझ्यानंतर त्या संगणकावर तिच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.

प्रत्येक शब्द खरा होता. खोटं बोलायची ही माझी पद्धत — नीटनेटकी.

दुसऱ्या दिवशी रुचिताचे वडील आले. ट्रेलर रस्त्यावर कुठेतरी उभा करून आले असणार, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. रुचिता त्यांच्या मागे. ती माझ्याकडेच बघत होती. रडत नव्हती. वाट बघत होती — मी बोलेन याची. तिच्या मनात शंकाच नव्हती, हे मला दिसत होतं. अजून दिसतं.

वडील माझ्याकडे वळले. “मॅडम, माझी पोर खोटा बोलत नाय. ती बोलते, पासवर्ड मॅडमनीच दिलाय, कामाला मॅडमच बसवतान. आता तुमी सांगा. तुमी बोलाल ते मी खरा धरीन.”

तेव्हा मला सगळं माहीत होतं. मेसेज कुणाचा, पासवर्ड कुणी दिला, नोंद कुणी पुसली. त्यांनी सगळं माझ्या हातात ठेवलं होतं.

मी म्हणाले, “नाही. मी नाही दिला.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. माफीपत्र पुढे ओढून नुसतं “सही करू कुठं?” एवढं विचारलं.

शिक्षा झाली. वर्षभर तिला संगणक कक्ष बंद, सगळ्या वर्गासमोर माफी. स्पर्धेत भरती-ओहोटीचा प्रकल्प गेला, मांडायला दुसरी मुलगी गेली — निवड मीच केली. वडिलांनी घरातलं नेट काढून टाकलं, फोन काढून घेतला, असं नंतर कानावर आलं. दहावीपर्यंत रुचिता माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसायची, आणि बाकीचे कक्षात गेले की ग्रंथालयात. समोर आली की “गुड मॉर्निंग मॅडम” म्हणायची. एकदाही तिने मला विचारलं नाही — का? मी त्याचीही तयारी करून ठेवली होती. उत्तर पाठ होतं.

आणि ते सगळे? ज्यांनी तिला उसनी नेली, तिच्याकडून पोर्टल भरून घेतली, त्यांपैकी एकाने तोंड उघडलं का? मला त्यांचा राग येतो. खूप येतो. पण मला हा राग बरा वाटतो, हेही मला कळतं. त्यांच्याकडे बोट दाखवलं की क्षणभर माझं बोट दिसत नाही. त्यांना फक्त पद्धत माहीत होती. मेसेज कुणाचा हे मला एकटीला माहीत होतं.

त्यानंतर वर्षं गेली. गेल्या गुरुवारी मुलाच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला काढायचा होता. घरून फॉर्म पुढे सरकेना, फोटो घेईना. घणसोली स्टेशनपासून गावाकडे जाताना फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, त्यांतल्या एकात शिरले. काउंटरवर रुचिता.

“बसा मॅडम,” ती म्हणाली. जुनी ओळख असलेल्या माणसाला म्हणावं तसं. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. कागद घेतले, भराभर भरायला लागली. तोच वेग. मागे रांगेत एक काका, एक बाई कडेवर मूल घेऊन. मी काहीबाही बोलले — घरी सगळे कसे आहेत, वडील अजून ट्रेलरवर असतात का. “हायेत,” ती म्हणाली. महापे नाही, ऑफिस नाही. ते माझ्यामुळे झालं, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. माझ्यामुळे झालं नाही, असंही म्हणू शकत नाही.

मग मी घरून उघडलेल्या खात्याच्या लॉगिनचं पान आलं. पासवर्ड सांगायला मी तोंड उघडलं. दुकानात सगळे सांगतातच, ऐकून दुकानवालेच टाकतात.

तिने हात वर केला. कीबोर्ड उचलून माझ्यासमोर ठेवला. “पासवर्ड तुमीच टाका, मॅडम.” आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. “झाला की सांगा.”

रांगेतले काका हसले. “अगं, पाठ कशाला फिरवतंस? बँकेचा थोराच हाय तो!”

“सवय हाय, काका,” ती म्हणाली. भिंतीकडे बघतच.

मी पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. ती वळली नाही. समोर तिची पाठ होती, वेणी होती, भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. तेव्हा बोलता आलं असतं. काकांसमोर, त्या बाईसमोर — सगळ्या वर्गासमोर तिने माफी मागितली होती, मला चार माणसांसमोर बोलायला काय झालं होतं? मी म्हणाले, “झालं.”

ती वळली. फॉर्म पुढे पाठवला. “सर्व्हर डाउन हाय, मॅडम. पावती आज नाय निघायची. उद्या येऊन घेऊन जा.”

मी बाहेर आले. शुक्रवारी गेले नाही. शनिवारी बैठक होती. तिथे ‘चोरला’ हा शब्द ऐकला, ऐकून घेतला, आणि वृत्तांतात ‘पूर्वीच्या प्रकरणाचा उल्लेख झाला’ असं लिहिलं. आज सोमवार. मुलाच्या प्रवेशाची मुदत जवळ आली आहे, घरी रोज विचारणा होते. नवऱ्याने विचारलं, मी जाऊन आणू का पावती? मी नको म्हणाले.

बाकीची कामं झाली आहेत. पावती अजून रुचिताकडेच आहे.