करदोडा कुणी तोडला

उस्मानचाचा खोलीच्या दाराशी पायताण काढायचे आणि आत कोंडलेल्या माणसाला विचारायचे, "येऊ का?" आतून शिवी आली तर थोडं थांबून पुन्हा विचारायचे. किल्ली यांच्या कमरेला, आणि परवानगी मागायची वेड लागलेल्या माणसाची. मला हसू यायचं. हिंगोलीजवळच्या एका दवाखान्यात मी नवा कंपौंडर, निजामी अमलातली नोकरी. अंगात मस्ती किती होती म्हणून सांगू.

चाचा मूळचे वसमतचे पिंजारी. कापसाच्या धुळीनं छाती धरली म्हणून दवाखान्यात शिपाई झाले. डोकं फिरलेला माणूस दाखल झाला की तो चाचांच्या हवाली. "पयले आठ दिस लई जड, कंपौंडरसाब," ते म्हणायचे. "घर सुटलेलं, कानात कोनकोन बोलून राहिलेलं. मारून न्हाई राहिला त्यो, भिऊन राहिला."

नरसीकडच्या ज्ञानोबाला त्याच्या बापानं बैलगाडीतून आणलं. पंचविशीचा धिप्पाड गडी. तू मेलास, असं त्याच्या कानात कुणीतरी सारखं म्हणायचं. नव्या रोग्यानं जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून त्याच्या अंगावर दोरी ठेवायची नाही, असा नियम होता. बाप बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. मी कात्री घेतली आणि ज्ञानोबाच्या कमरेचा करदोडा तोडून टाकला. पुरुषाचा करदोडा मेल्यावरच तोडतात, हे मला, हिंदूच्या पोराला, कुणी सांगायला हवं होतं काय? पण घाई.

ज्ञानोबानं खाली पडलेल्या दोऱ्याकडे पाहिलं. "मेलो व्हय मी?" त्यानं हळूच विचारलं. मग मला अशी लगावली की दात हलले, आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी बाहेर पळालो. चाचांनी भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला पंजा घातला आणि काढला नाही. दोन बोटं मोडली.

त्यानंतर ज्ञानोबानं पाणीसुद्धा सोडलं. मेलेल्याला पाणी कशाला, म्हणायचा. दुसऱ्या दिवशी बापानं पोराची मोकळी कंबर पाहिली. "माझ्या जित्या लेकराचा करदोडा कोन तोडला?"

"म्या," चाचा म्हणाले. "तुमची रीत मला ठाऊक न्हवती."

बापानं त्यांच्या थोबाडीत मारली. चाचा मान खाली घालून उभे राहिले. मी मागे उभा राहून औषधाची बाटली हलवत राहिलो. लाज वाटते आजही.

मग चाचांनी उरलेल्या बोटांनी कापूस वळून दोरा केला. एका हिसक्यात तुटेल असा कच्चा, म्हणजे त्यानं कुणाला इजा व्हायला नको. काजळीत काळा केला आणि बापाच्या हातात दिला. "तुमीच बांधा."

तो दोरा दिवसातून चारपाचदा तुटायचा, चाचा दरवेळी नवा वळायचे. तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा घोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, "बोटं दुखतेत काय, चाचा?" अडीच महिन्यांनी तो घरी गेला. कानातले आवाज पुरते गेले नाहीत, पण शेतात राबायला लागला.

चार वर्षांनी चाचा छातीच्या दुखण्यानं गेले. माती द्यायला ज्ञानोबा गावाहून चालत आला होता. परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "ज्ञानोबा, तुझा करदोडा मी तोडला होता."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "कात्री तुमच्याच हातात व्हती की. मी बापाला सांगनार व्हतो. चाचा म्हनले, नगं सांगू. त्या पोराला अजून लई जनाला सांभाळायचंय, लोकायचा त्याच्यावरचा भरोसा उडाया नगं."