तीनशे स्नेह्यांची यादी

माझ्या थोरल्या भावाला गाव सोडायला मी लावलं. भांडण झालं नाही, वाटणी झाली नाही. मंचरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून, चहा पीत, अगदी चांगल्या मनाने मी ते केलं. कुणाला सांगायला जावं तर आधी बॅकलिंक म्हणजे काय ते समजावावं लागतं, आणि तेवढ्यात समोरच्याचा रस संपतो. म्हणून बहुतेक वेळा मी सांगतच नाही.

आमचं घर मढच्या बाजूला, माळशेज घाटाच्या अलीकडे. भात, नाचणी, वरई, आणि चैत्रात हिरडा. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून दादा भोसरीच्या एका कंपनीत जायचा. पाच जणांत एक खोली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी. घरी आला की वहिनी त्याला पाहुण्यासारखं पाट-पाणी करायची आणि तो उगाच अवघडायचा. मी शिकलो, कॉम्प्युटर घेतला, हायवेच्या कडेला क्लास टाकला. दादा सातवीतून शेतात गेला म्हणून मी शिकलो, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. त्याची गरजही नव्हती.

दोन हजार सालानंतर घाटात पावसाळी पाहुणे वाढले. कल्याण-मुंबईकडची मंडळी धबधब्याखाली भिजून संध्याकाळी निवारा शोधत फिरायची. दादाने कंपनी सोडली आणि घराला लागून दोन खोल्या स्वतःच्या हाताने बांधल्या. कौलं चढवली, मोरी केली, खिडक्यांना हिरवा रंग दिला. एका रविवारी तो मला म्हणाला, "दोन पावसाळं बगतो. मानसं आली तर हितंच मरायचं. न्हाई आली तर परत भोसरी. पन मला आता जायचं न्हाई रे." दादा मागणं कधी करत नसे. हे मागणंच होतं.

मी त्याची वेबसाइट केली. खोल्यांचे फोटो, वहिनीच्या चुलीवरच्या भाकरीचा फोटो, धुक्यातला घाट. फार देखणी झाली असं मला वाटलं. अडचण एवढीच की ती माझ्याशिवाय कुणी पाहत नव्हतं. सर्च इंजिनमध्ये माळशेजला राहण्याची सोय शोधली तर दहा-पंधरा पानं उलटूनही आमचा पत्ता नसे.

मग सर्च इंजिन कुणाला वर ठेवतं ते मी वाचून काढलं. आपल्या वेबसाइटवर आपणच आपली कितीही स्तुती केली तरी ते फारसं मनावर घेत नाही. दुसऱ्या वेबसाइटी आपल्याकडे बोट दाखवतात का, ते बघतं. दुसऱ्याच्या पानावर आपली लिंक असली की तो आपल्या बाजूने टाकलेला शब्द धरला जातो. त्यातही ज्या वेबसाइटला त्या विषयातली जाण आहे, तिचा शब्द जड. हे शेवटचं वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो. शब्द टाकायचा एवढंच ना? त्यात आम्हाला कोण शिकवणार!

आमच्याकडची लग्नपत्रिका ज्याने पाहिली नाही त्याला माझं म्हणणं कळायचं नाही. तिच्यात नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात. बाकी सगळी यादी. निमंत्रक, संयोजक, व्यवस्थापक, भावकी, मामाकडचे, मित्रमंडळ, आजी सरपंच, माजी सरपंच, आणि कुठेच बसत नाही तो विशेष सहकार्यात. माझ्या लग्नात एका चुलत्यांचं नाव छापायचं राहिलं. ते जेवायला आले नाहीत, आणि पुढे दोन वर्षं बांधावर समोरासमोर आलो की तोंड फिरवायचे. नाव घालायला काही लागत नाही, गाळलं तर नातं तुटतं, हे मी पत्रिकांवरून शिकलो होतो. आणि आपण ज्याचं नाव घातलं तो आपलं घालणार, यात तर शंकाच नव्हती.

मी वेबसाइटवर एक पान केलं. वर लिहिलं, ‘आमचे स्नेही’. आणि सापडेल त्या वेबसाइटला पत्र धाडलं, तुम्ही आमचं नाव घाला, आम्ही तुमचं घालतो. आधी ओळखीची दुकानं आली. मंचरचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं, आळेफाट्याची टोमॅटोची नर्सरी, नारायणगावचं वधूवर मंडळ. मग अनोळखी. कोंबड्यांची औषधं, परदेशी घड्याळं, वजन उतरवायच्या गोळ्या. एकालाही मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही, आणि यादी वाढताना छाती फुगायची ती वेगळीच. स्नेही तीनशेवर गेले. कोंबड्यांच्या औषधवाल्याचा भात-भाकरीशी काय संबंध, हा प्रश्न मला पडला नाही. लग्नात तरी कुठे पडतो?

एकाचं नाव मात्र मिळालं नाही. जुन्नरला एक निवृत्त सर होते, वनस्पतिशास्त्र शिकवलेले. त्यांची वेबसाइट दिसायला अगदी ओबडधोबड. पांढऱ्यावर काळं, जुन्नरच्या पश्चिम भागातली झाडं, पाखरं, रानभाज्या. पण कॉलेजं, वनखात्यातली माणसं, गिर्यारोहक, सगळे तिचा हवाला द्यायचे. मी त्यांनाही तेच पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर असं आलं: "मी अदलाबदल करत नाही. तुमच्या भावाकडे हिरडा अजून गोळा करतात का? करत असल्यास चैत्रात येऊन राहीन. सांगण्यासारखं दिसलं तर लिहीन. मात्र माझं नाव आपल्या यादीत घालू नये. गोळ्यांच्या दुकानाशेजारी बसण्याची मला सवय नाही."

माझं डोकंच फिरलं. घरी पत्रिका द्यायला जावं आणि कुणी ती परत हातात ठेवावी, तसं झालं. मी तसा तापट नाही, पण अपमान झाला की नीट घडी घालून जपून ठेवतो. सरांना उत्तर दिलं नाही. दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "यिऊ दे की. हिरडा दावायला काय जातंय आपलं?"

"नको," मी म्हणालो. "लई शाना हाय त्यो."

पुढच्या पावसाळ्यात आम्ही खरोखर पहिल्या पानावर आलो. दोन्ही खोल्या शनिवार-रविवार भरायला लागल्या. वहिनी पहाटेपासून भाकऱ्या थापायची आणि वर हसायची. दादा लोकांना बांधावरून फिरवायचा, कुठल्या झाडाचं फळ कुठल्या महिन्यात ते सांगायचा. हा माणूस एवढं बोलतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याच दिवसांत भोसरीहून निरोप आला, जुनी जागा रिकामी आहे, यायचं तर लगेच या. दादाने मला विचारलं. मी क्लासमधल्या पोरांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आता न्हाई जायचं. आपण पैल्या पानावर हाय." दादाने नाही कळवलं. जागा दुसऱ्याला गेली.

दुसरा पावसाळा तोंडावर असताना एका सकाळी मी आमचं नाव शोधलं आणि ते नव्हतं. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही, विसाव्यावर नाही. घराचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी नाही. पुन्हा पुन्हा शोधलं. मग घाम पुसत वाचायला बसलो आणि पहिल्या वेळी सोडून दिलेलं सगळं वाचलं. अशा देवाणघेवाणीच्या याद्या सर्च इंजिन आता ओळखायला लागलं होतं. जो कुणाचंही नाव घेतो त्याच्या शब्दाला किंमत नसते, आणि अशांनीच ज्याचं नाव घेतलं त्याला तर नाहीच. आमच्याकडे तरी दुसरं काय असतं? चारशे नावांची पत्रिका वाचून कुणी मुलगी दिलेली मी पाहिलेली नाही. मुलगी देताना गावातल्या एका जाणत्याला गुपचूप विचारतात आणि त्याच्यावर ठरवतात. हे मला ठाऊक होतं. तरीही मी यादी केली.

यादी पुसून टाकली. तीनशे जणांना पुन्हा लिहिलं, कृपा करून आमचं नाव काढा. दहा-बारा जणांनी काढलं. बाकीच्यांनी पत्र उघडलंही नसेल. मढला रेंज फक्त खिडकीत यायची, म्हणून फोन तिथे ठेवलेला असायचा आणि दादा खिडकीपासून लांब जात नसे, हे मला वहिनीने नंतर सांगितलं. शनिवारी तो मला फोन करायचा. "तुजं मशीन बिगडलं का रे?"

"हो," मी म्हणायचो. "दुरुस्त व्हतंय."

तो सगळा पावसाळा मी हेच सांगत राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

भात झोडून झाल्यावर दादाला चाकणला ठेकेदाराकडे काम लागलं. त्याला सोडायला मी मढच्या फाट्यावर गेलो आणि एसटीची वाट बघत उभं असताना खरं काय ते सांगून टाकलं. यादी, गोळ्यांचं दुकान, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पन सगळ्यांची नावं घातली मग चुकलं काय? आपल्यात तर न घातल्यावर रुसत्यात." तेवढ्यात गाडी आली, तो पिशवी घेऊन चढला, आणि खिडकीतून मलाच म्हणाला, "जाऊ दे. जिवाला लावून घिऊ नगं."

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी ती ऐकलीच नाहीत. "हिरडा आहे का, ते सांगा," म्हणाले.

चैत्रात ते चार दिवस राहिले. वहिनी पहिल्या दिवशी बुजली, दुसऱ्या दिवशी त्यांना रानात घेऊन गेली. कोवळा बाळहिरडा कधी उतरवायचा, अंगणात किती दिवस वाळवायचा, कुठलं झाड वर्षाआड धरतं, ते ती सांगत गेली आणि सर वहीत लिहीत गेले. "भाऊजी, तुमचं सर लई इचारत्यात," ती मला म्हणाली, पण खूश होती. सरांनी मोठं पान लिहिलं, फोटो घातले, आणि शेवटी, कुठे राहिलो ते सांगताना, आमच्या घराची लिंक दिली. एकच. मग एका कॉलेजने त्या पानावरून आपल्या सहलीच्या माहितीत आमचं नाव घेतलं, मग पक्षी बघणाऱ्या एका मंडळाने. मी कुणाला एक पत्र लिहिलं नाही. आषाढ येईपर्यंत आम्ही परत वर होतो. या खेपेला खाली आलो नाही.

दादा मात्र परतला नाही. मी चाकणला जाऊन सांगितलं, फोन येतायत, खोल्या भरतायत, चल. तो म्हणाला, "परत सोडून आलो आन परत तुज्या मशीनला राग आला तर? आता माजं वय न्हाई राव, ये-जा करायचं." खोल्या वहिनी एकटीने चालवायला लागली.

एका रविवारी मी त्याला हट्टाने चाकणच्या सायबर कॅफेत बसवलं. मी इकडे मंचरला फोन कानाला लावून. म्हटलं, निदान बघ तरी, आपण कुठे आहोत. कॅफेवाल्याने घराचं नाव शोधून दिलं, तर सोबत सरांचं पानही आलं. सर्च इंजिन नावाखाली त्या पानावरच्या दोन ओळी दाखवतं. कुठल्या ओळी उचलायच्या ते त्याचं तेच ठरवतं. दादाला वाचायची सवय राहिली नव्हती. तो एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचायला लागला. "घर… सोच्छ… आनि… आगत्याचं. घरची बाई… रान जानते. घरचा मानूस… कामासाटी बाहेरगावी असतो… तेवा रान दाखवायला… तो भेटेल… अशी आशा ठेवू नये."

सरांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मी ते पान दहा वेळा वाचलं होतं आणि मला त्यात फक्त आमची लिंक दिसली होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. म्हणालो, "दादा, मी सरांना सांगतो. ते वाक्य काढायला लावतो."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "लोकांनी तितं जाऊन माजी वाट बगाया नगं."