आडनाव न विचारणारा घरमालक

पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर कोणी डाळीची पिशवी चढवताना दिसले, की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव पोलीस ठाण्यातली ती फिर्याद मला हटकून आठवते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी ती काही डोक्यातून गेली नाही.

फिर्यादी बाई पुण्यात परिचारिका. स्वतः महिला वसतिगृहात राहायची आणि मुलगी इथे मालेगावला आजीजवळ. शाळा उघडायच्या आत परवडणारी जागा भाड्याने मिळाली, तर मुलीला नेता येणार होते. जागा आधीच महाग. एखादी आवाक्यातली सापडली तर मालक पूर्ण नाव विचारायचा. आडनावावरून जात कळली की उत्तर ठरलेले, "जागा कालच गेली."

मग मोबाईलवर एक जाहिरात दिसली. फोन उचलणारा वऱ्हाडीच बोलला. "वाशीमच्या हाये का तुमी? मंग झालं. आपल्या माणसाले काय विचारा लागते?" त्याने खरेच काही विचारले नाही, नावसुद्धा. घराचा व्हिडिओ पाठवला. सुटीवर आलेल्या बाईने इथूनच अनामत रक्कम पाठवली. किल्ली घ्यायला पुण्यात गेली, तर दार उघडले त्या घरात राहणाऱ्या भलत्याच कुटुंबाने. फोन बंद.

गुन्हा नोंदवला. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर, बँक खातेही दुसऱ्याचे. तपास तिथेच अडला. बाईला पुन्हा जबाबाला बोलावले. तो संपत आला तेव्हा तिची आई पुटपुटली, "अन् दाय बी गेली."

"कोणती डाळ?"

"घरची तुरीची जी. त्यानं घर देल्लं म्हनून पाठोली होती ट्रॅव्हल्सनं. लाज वाटली, म्हनून सांगतलं नाही."

आपल्याकडे कोणी उपकार केला की शेतातले काहीतरी पोहोचते करतातच. मी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला बोलावले. तो हसला. "ते पिशवी? आपल्या इथल्या शिरपूरकडच्या पोट्ट्यानं नेली. त्याच्या मायचा डबा न्याले येतेच तो. भाकरी, ठेचा, लोनचं. मी त्याले कवाचा वयखतो."

पुढचा डबा गेला त्याच बसने माझे दोन शिपाई साध्या वेशात गेले. पोरगा डबा हातात असतानाच सापडला. त्याच्या आईला आम्ही आधी कळू दिले नाही. तिने कळवले असते, हे एक कारण. दुसरे, त्या दिवशी तिने डब्यात पुरणपोळ्या घातल्या होत्या.

चौकशीत तो दोन दिवस काही बोलला नाही. अशा माणसाला पैशाचे विचारले की तो दातखीळ बसल्यासारखा बसतो. म्हणून मी दुसरेच विचारले.

"डाळ काहून नेली रे? पुण्यात डाळ भेटत नाही का?"

"भेटते मॅडम. पन तसं वरन नाही होत." मग सगळे सांगितले. दलालाच्या हाताखाली लोकांना घरे दाखवायचा, तेव्हाच व्हिडिओ काढून ठेवायचा. स्वतः दलालाच्या दुकानात, माळ्यावर झोपायचा.

शेवटी विचारले, "तिचं आडनाव काहून नाही विचारलं?"

"मले कुठं घर द्याचं होतं मॅडम? आडनाव कायले विचारू?"

जबाब लिहून घेणारा हवालदार क्षणभर थांबला. मी म्हटले, "लिहा."

या प्रकरणाने मला एक शिकवले. फसवणारा नेहमी लालूच दाखवतो असे नाही. माणसाला जे कुठेच मिळत नाही तेवढेच तो देतो, आणि माणूस कागद बघायचा विसरतो. आता गावातून पुण्याला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, घरमालक कितीही आपल्याकडचा असू दे, जागेवर जा, कागद पाहा, मग पैसे द्या.

अनामत रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाली. पण शाळा तोवर उघडली होती आणि मुलीचे नाव मालेगावच्याच शाळेत राहिले. पुराव्यासाठी जप्त केलेला स्वतःचा मोबाईल घ्यायला बाई आली. सही करण्याआधी तिने तो सुरू केला आणि त्या घराचा व्हिडिओ आहे का ते पाहिले.

"आता कशाला ठेवतेस? पुसून टाक," मी म्हटले.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "पोरीनं त्यातल्या खिडकीपाशी आपली जागा ठरवली हाये."